जुन्या वर्तमानपत्रांत पणजोबा शोधायचे, तर नाव सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पणजोबा सिन्नर तालुक्यातून नाशकात आले, पंचवटीत बिऱ्हाड केलं, एका पेढीवर लिहिण्याचं काम करत. आजोबा रांगत होते तेव्हा ते ‘मानमोडीत’ गेले, एवढंच आजीकडून ऐकलेलं. फोटो नाही, पत्र नाही. जुनी वर्तमानपत्रं आता नेटवर आली आहेत म्हणून तुम्ही त्यांचं पूर्ण नाव मराठीत टाकलं, इंग्रजीत टाकलं, आणि हाती काही लागलं नाही.

लागणारच नव्हतं. नाव हा या शोधाचा शेवटचा टप्पा आहे. आधी तारीख, मग ठिकाण, मग प्रसंग, आणि त्यानंतर त्या पानावर नाव आहे का ते आपल्या डोळ्यांनी वाचायचं. मराठी वर्तमानपत्रांचे जे अंक स्कॅन झालेत त्यातले बरेचसे म्हणजे निव्वळ पानांचे फोटो आहेत. त्यामागे शोधता येईल असा मजकूरच नाही. तुम्ही नाव टाकता तेव्हा यंत्र अंकाचं शीर्षक आणि वर्ष तपासतं, आतलं पान वाचत नाही. ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘कुणी वाचलं नाही’ एवढाच घ्या.

म्हणून पहिलं काम घरी बसून करायचं आहे, ते म्हणजे तारीख पक्की करणं. मानमोडी म्हणजे बहुतेक वेळा १९१८ चा इन्फ्लुएंझा. मुंबई इलाख्यात त्याची पहिली लाट उन्हाळ्याच्या अखेरीस आली, पण माणसं गेली ती मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत. मात्र दोन पिढ्यांनंतर घरच्या आठवणीत प्लेग, मानमोडी आणि पटकी (कॉलरा) यांची सरमिसळ होते. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि पुढे कित्येक वर्षं फिरून फिरून येत राहिला. आपल्या भगूरला सावरकर बंधूंचे वडील १८९९ मध्ये प्लेगनेच गेले. दोन्ही साथी वेगळ्या ओळखायची एक साधी खूण आहे. आजीच्या बोलण्यात ‘गाव सोडून माळावर झोपड्या घातल्या होत्या’, ‘घरात उंदीर पडले’ असं काही असेल तर तो प्लेग. ‘तीन दिवसांत गेले’, ‘एकाच घरातून तिघं गेले’, ‘प्रेतं उचलायला माणूस नव्हता’ असं असेल आणि गाव सोडल्याचा उल्लेख नसेल, तर १९१८ धरा. आजोबांच्या वयाशी ते जुळतं का पाहा. त्यासाठी शाळेचं जनरल रजिस्टर उपयोगी पडेल, पण तिथे जन्मतारीख १ जून दिसली तर ती मास्तरांनी दिलेली आहे असं समजून वर्ष तेवढं घ्या, तेही सैलसर.

मग तिथी. तुमच्या घरात पणजोबांचं श्राद्ध होत असेल तर कुठलं होतं ते विचारा. पितृपक्षात फक्त तिथी पाळली जाते, त्यातून महिना कळत नाही. वर्षश्राद्ध होत असेल तर महिना, पक्ष आणि तिथी तिन्ही मिळतात, आणि ते सोन्यासारखं आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौष, माघ, फाल्गुनातली तारीख १ जानेवारी ओलांडून गेली असेल तर ७९ मिळवायचे. शके १८४० च्या दसऱ्याची तारीख आपल्या भागात कुणालाही पडताळता येते, कारण शिर्डीला साईबाबांनी देह ठेवला तो याच दिवशी, १५ ऑक्टोबर १९१८ ला. तिथून पुढे-मागे मोजा. त्या वर्षीचा आश्विन वद्य पक्ष साधारण २० ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर असा येतो. म्हणजे घरी ‘आश्विन वद्य पंचमी’ माहीत असेल, तर सबंध १९१८ चाळायची गरज नाही. दोन-तीन आठवड्यांचे अंक पुरतात.

आता अंक कुठले? टिळकांच्या काळापासून ‘केसरी’ साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघे. ४ जानेवारी १८८१ चा पहिला अंकसुद्धा मंगळवारचाच. ऑक्टोबर १९१८ मध्ये मंगळवार १, ८, १५, २२ आणि २९ तारखेला येतात. नाशिकची बातमी पुण्याच्या साप्ताहिकात पोचायला आणि छापायला आठवडा, कधी दोन आठवडे लागत. म्हणून घटनेच्या तारखेनंतरचे निदान तीन अंक बघायचे. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ पासूनचा, आणि या सुमारास दैनिक. मुंबईकडे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि १९१३ मध्ये निघालेलं ‘बॉम्बे क्रॉनिकल’. खास नाशिकची पत्रंही होती. ‘नाशिक वृत्त’, ‘नाशिक वैभव’ ही नावं तुम्हाला संदर्भांत वारंवार भेटतील. पण छोट्या गावातल्या साप्ताहिकांचे सलग अंक मिळणं ही नशिबाची गोष्ट आहे, त्यावर योजना आखू नका. ‘गावकरी’ १९३८ मध्ये साप्ताहिक म्हणून निघाला, त्यामुळे पणजोबांसाठी त्याचा उपयोग नाही. आजोबांसाठी मात्र तोच पहिला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, म्हणजे पुढे निराशा नको. १९१८ मध्ये पेढीवरच्या कारकुनाच्या मृत्यूची बातमी छापून येत नसे. ‘निधन’ हा रकाना वकील, मामलेदार, सावकार, शास्त्री, संस्थानिक यांच्यासाठी होता. आज आपल्याला ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ या साच्याची इतकी सवय झाली आहे की तो कायम होता असं वाटतं. सामान्य घरांसाठी तो बराच नंतरचा. तेव्हा ऑक्टोबर १९१८ च्या पानांवर तुम्हाला मिळेल ते असं: शहरातली मृत्यूंची परिस्थिती, औषधवाटप कुठे चाललं, मदतीला कोण धावलं, धान्याचे भाव काय होते. पणजोबांचं नाव नसेल, पण त्यांचा शेवटचा आठवडा कसा गेला असेल ते त्यातून कळतं. शोधताना एवढं लक्षात ठेवा की ‘मानमोडी’ हा घरातला शब्द. छापील मजकुरात ‘इन्फ्ल्युएंझा’ नाहीतर नुसतीच ‘तापाची साथ’ असते.

नाव छापून येतं ते मृत्यूनंतर, आणि तेही दुखवट्यात नाही, जाहिरातींत. माझ्या मते वंशशोधासाठी वर्तमानपत्राचं सर्वांत मोलाचं पान म्हणजे ते, जे सगळे उलटून टाकतात: जाहीर नोटिसांचं. कर्ता पुरुष अचानक गेला की देणंघेणं उघडं पडतं. दिवाणी कोर्टातला लिलाव, वारसाच्या दाखल्यासाठी अर्ज, भागीदारी मोडल्याची नोटीस, ‘आमच्या नावाने कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही’ छापाचा मजकूर, दत्तकाची जाहिरात, घर विकण्याआधी हरकती मागवणं, हे सगळं पुढच्या दोन-तीन वर्षांत येतं. आणि अशा नोटिशीत बापाचं नाव, गाव, पेठ, धंदा, अज्ञान (म्हणजे कायद्याने वयात न आलेल्या) मुलाचं नाव आणि ‘अज्ञान पालनकर्ती आई’ अशा उल्लेखाने बाईचंही नाव येतं. बातमीत बाई ‘अमक्याची बायको’ असते; नोटिशीत ती नावानिशी असते, कारण तिथे तिची सही किंवा अंगठा लागतो. तेव्हा १९१८ च्या ऑक्टोबरवर अडून न राहता १९१९, १९२० आणि १९२१ ची नोटिसांची पानं बघा. तुमच्या आजोबांचं नाव तिथे, अज्ञान मुलगा म्हणून, येण्याची शक्यता पणजोबांच्या निधनवार्तेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

देणगीदारांच्या याद्यांनाही हेच लागू. दुष्काळ फंड, पैसा फंड, देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, कशासाठीही वर्गणी गोळा झाली की वर्तमानपत्र पोच छापत असे, आठ आण्यांपर्यंत. ज्या माणसाबद्दल कुणी कधी एक ओळ लिहिली नाही, तो ‘रा. रा. अमुक, पंचवटी, १ रुपया’ म्हणून छापला गेलेला असतो. मॅट्रिकच्या निकालांच्या याद्या, बक्षीस समारंभ, व्याख्यानमालेला हजर असलेल्यांची नावं ही याच जातीची ठिकाणं. सरकारी नोकर असेल, शिक्षक, तलाठी, पोस्टातला, तर वर्तमानपत्र सोडून आधी मुंबई सरकारचं गॅझेट उघडा. नेमणुका, बदल्या आणि रजा त्यात येत.

आता नावाकडे येऊ, कारण पान सापडलं तरी नाव ओळखता आलं पाहिजे. समजा, माणसाचं नाव वामन आणि वडिलांचं गणेश. मराठी पानावर ‘रा. वामन गणेश’ एवढंच असू शकतं, आडनाव गायब. किंवा ‘वामनराव’, ‘वामनभट’, ‘दाजी’, ‘अण्णा’. आडनाव असलं तरी ते गावावरून पडलेलं किंवा धंद्याचं असेल, आणि तुमच्या घराने पुढे दुसरंच लावलं असेल. मागे-पुढे लागणारी अक्षरं मात्र माहिती देतात: ‘कै.’ असेल तर तारीख त्याआधीची, ‘गं. भा.’ असेल तर नवरा तोवर गेलेला, ‘चि.’ असेल तर लग्न-मुंज जवळपास, ‘वे. शा. सं.’ असेल तर वैदिक घर. इंग्रजी पानावर आणखी गंमत. वामन, वासुदेव, विठ्ठल यांचा ‘व’ तेव्हा ‘व्ही’नेही लिहीत आणि ‘डब्ल्यू’नेही, ‘व्ही. जी.’ सापडत नसेल तर ‘डब्ल्यू. जी.’ शोधा. शेवटच्या ‘जी’ला दोन ‘ई’ लावायची पद्धत होती, ‘उ’च्या जागी दोन ‘ओ’, ‘अ’च्या जागी ‘यू’.

गावांचंही तसंच. आज आपण इंग्रजीत नाशिक लिहिताना ‘एस’नंतर ‘एच’ घालतो. जुन्या इंग्रजी पत्रांत तो ‘एच’ जवळजवळ कधीच नसतो. कधी एक ‘एस’, कधी दोन, शेवटी कधी ‘के’, कधी ‘सी-के’. तुम्ही आजच्या स्पेलिंगने शोधत असाल तर पहिल्या पायरीलाच सगळं संपलं. सिन्नरचा शेवट ‘यू-आर’ने, येवल्याच्या मध्ये ‘डब्ल्यू’ किंवा ‘ओ’, चांदवडचं ‘चांदोर’, पेठचं ‘पेंट’, इगतपुरीची तर पाच-सहा रूपं. मराठीतही फसगत होते. जुन्या छपाईत ‘म्ह’ला ‘ह्म’ लिहीत: ‘आह्मी’, ‘ह्मणून’, आणि म्हणून म्हसरूळचं ‘ह्मसरूळ’. ‘नाशीक’मधली ‘शी’ दीर्घ, ‘नासिक’ही चालतं. ‘कांहीं’, ‘नाहीं’वरची अनुस्वारांची रांग तर १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उतरवली. रविवारला ‘आदितवार’ म्हणत, तो पेठेच्या नावातही येतो.

आणखी एक अडचण अशी की नाशिक जिल्हा स्वतंत्र झाला १८६९ मध्ये. त्याआधीची सिन्नर-निफाडकडची बातमी ‘अहमदनगर’खाली आणि मालेगाव-बागलाणकडची ‘खानदेश’खाली असते. तुमच्या पणजोबांच्या वडिलांपर्यंत पोचायची हौस आली तर हे विसरू नका.

ठिकाणं सांगतो, ज्यांचा उपयोग होतो तेवढीच. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ पासूनचे अंक (सुरुवातीला त्याचं नाव ‘बॉम्बे टाइम्स’ होतं) प्रोक्वेस्टच्या संग्रहात आहेत आणि तिथे मजकुरात शोध घेता येतो. तो संग्रह पैसे भरणाऱ्या ग्रंथालयांतूनच उघडतो. घरातलं कुणी मोठ्या विद्यापीठात शिकत असेल तर त्याला त्याच्या ग्रंथालयात बसून शोधायला सांगा. एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचा ‘ग्रंथ संजीवनी’ हा डिजिटल संग्रह आणि इंटरनेट अर्काइव्ह इथे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे भरपूर अंक मिळतात. मराठी नियतकालिकं इंटरनेट अर्काइव्हवर विखुरलेली आहेत. शीर्षक चार प्रकारांनी लिहून बघावं लागतं, कारण चढवणाऱ्याने जसं सुचलं तसं लिहिलेलं असतं. गुजराती किंवा पारशी घर असेल तर १८२२ पासूनचा ‘मुंबई समाचार’ सोडू नका. लष्करी किंवा ख्रिस्ती घराणं, म्हणजे देवळाली कॅम्प, शरणपूर इकडचं असेल, तर ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्ह आणि ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांसाठी काम करणारी फिबिस ही संस्था. शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत, त्यांना तिकडे ‘नासिक बॉइज’ म्हणत. त्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंगस्टनचं शव घेऊन लंडनला गेला आणि त्या वर्षीच्या इंग्लंडमधल्या पत्रांत आपल्या गावाचं नाव दोन ‘एस’ आणि ‘सी-के’ने छापलेलं दिसतं.

एक संग्रह फारसा कुणी वापरत नाही, तो मुद्दाम सांगतो. इंग्रज सरकार देशी वर्तमानपत्रांवर नजर ठेवून होतं आणि मुंबई इलाख्यातल्या मराठी-गुजराती पत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी सारांश दर आठवड्याला गोपनीय म्हणून छापत होतं. ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह न्यूजपेपर्स’ हे त्याचं नाव. मूळ अंक नष्ट झालेल्या कितीतरी नाशिककर पत्रांचा मजकूर आज एवढ्यापुरताच उरला आहे. त्यासोबतच्या यादीत पत्राचं गाव, संपादकाचं नाव, जात, वय आणि खप दिलेला असतो. कुणाच्या घरी ‘आमच्या आजोबांचा छापखाना होता’ अशी आठवण असेल तर पहिल्यांदा इथेच बघावं. मूळ खंड मुंबईत राज्य पुराभिलेखागारात आहेत, आणि साउथ एशिया ओपन अर्काइव्ह्ज या मोफत संग्रहात काही भाग चढवलेला आहे.

नाशकात असाल तर सार्वजनिक वाचनालयात जाऊन चौकशी करा. १८४० ची संस्था आहे ती. ग्रंथपालांना ‘जुने पेपर आहेत का’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘नाही’ असंच येतं. पत्राचं नाव, वर्ष आणि महिना सांगून विचारा.

परदेशी संग्रहांचीही एक गोष्ट सांगतो. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला त्या रात्री आमचे आजोबा प्रेक्षकांत होते, असं सांगणारी घरं नाशकात इतकी आहेत की ते थिएटर ब्रॅबोर्न स्टेडियमएवढं असायला हवं होतं. चेष्टा सोडा, पण हे प्रकरण शोधायच्या पद्धतीसाठी फार चांगलं उदाहरण आहे. तो दिवस मंगळवार होता. म्हणजे ‘केसरी’चा त्या दिवसाचा अंक आधीच निघालेला, आणि सविस्तर मजकुरासाठी २८ डिसेंबरपासून पुढचे अंक पाहायला हवेत. उलट तारेची बातमी जगभर लगेच गेली. ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट आणि सिंगापूरचं न्यूजपेपर एसजी ही तिन्ही सरकारी आणि मोफत संकेतस्थळं आहेत, मजकुरात शोध चालतो, आणि नाशिकचं जुनं स्पेलिंग टाकून तारीख १९०९-१९११ केली की पानंच पानं उघडतात. कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याला फाशी झाली, तोवर आणि त्यानंतरच्या नाशिक कटाच्या खटल्यातही कितीतरी घरांवर झडती, अटक, साक्ष असे प्रसंग आले. तुमच्या घरात ‘पोलीस येऊन कागद घेऊन गेले’ अशी आठवण असेल, तर आधी हा काळ तपासा. घरात जुने कागद का नाहीत त्याचं कारणही कदाचित तिथेच सापडेल.

ज्यांच्या घरचं कुणी काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होतं त्यांची वाट वेगळी आहे. सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० ला, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे कित्येक वर्षं चालू ठेवला. त्यात धरलेल्या, शिक्षा झालेल्या माणसांची नावं छापून आली आहेत, आणि पुष्कळ घरांच्या बाबतीत छापील कागदावर आलेलं हे पहिलं नाव असतं. पण तारखांकडे बघा: ‘बहिष्कृत भारत’ १९२९ च्या नोव्हेंबरात थांबलं आणि ‘जनता’ सुरू झालं २४ नोव्हेंबर १९३० ला. म्हणजे सत्याग्रहाचे पहिले आठ-नऊ महिने चळवळीचं स्वतःचं पत्र नव्हतं. त्या काळासाठी तुम्हाला ‘क्रॉनिकल’, ‘टाइम्स’ आणि पुण्या-मुंबईची मराठी पत्रं वाचावी लागतात, आणि त्यातली काही सत्याग्रहींच्या सरळ विरोधातली. त्यांचं वर्णन नाही, नावं आणि तारखा तेवढ्या घ्याव्यात. नोव्हेंबर १९३० नंतर ‘जनता’ हाती घ्या.

शेतकरी, कारागीर घरांबद्दल हेच जरा पसरून म्हणता येईल. पुण्याच्या पांढरपेशा पत्रांत सिन्नरच्या खेड्यातला माणूस येतो तो बहुधा वीज पडून, विहिरीत पडून किंवा फौजदारीत. त्याच माणसाचं लग्न, त्याने भरवलेली सभा, त्याने काढलेली शाळा बघायची तर सत्यशोधकी पत्रं: १८७७ चा ‘दीनबंधु’, आणि मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून चालवलेला ‘दीनमित्र’. तुमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यातलं, म्हणजे नगरला लागूनच. सत्यशोधक पद्धतीच्या लग्नांच्या बातम्या गाव-नावांसह येत.

पानांचा फोटो वाचायला हल्ली मोबाइलमधली मजकूर ओळखणारी साधनं लोक वापरतात. नव्या टायपावर ती चांगली चालतात. शिळाप्रेसवर छापलेल्या, शाई फुटलेल्या पानावर ती अडखळतात, आणि हल्लीची हुशार साधनं त्याहून धोकादायक, कारण जे अक्षर दिसत नाही तिथे ती शोभेलसं अक्षर भरून मोकळी होतात. ‘वामन गणेश’ हवा असलेल्या माणसाला ‘वामन गणेश’ दाखवणं त्यांना सहज जमतं. यंत्राने वाचलेलं नाव मूळ प्रतिमेवर स्वतः पाहिल्याशिवाय वंशावळीत चढवू नका. आणि सापडलेलं पान नुसतं स्क्रीनशॉट काढून ठेवू नका. पत्राचं नाव, तारीख, पान, रकाना आणि कुठल्या संग्रहातून मिळालं ते फाइलच्या नावातच लिहा. संकेतस्थळं बंद होतात, पत्ते बदलतात. तारीख आणि पान माहीत असेल तर तोच अंक दुसरीकडे गाठता येतो.

नाव सापडलं तरी तो माणूस आपलाच हे सिद्ध व्हायचं राहतं. सिन्नरहून आलेले त्या नावाचे दोन गृहस्थ एकाच वेळी पंचवटीत राहत असतील. तीन गोष्टी जुळल्या तरच मानायचं असा माझा दंडक आहे: बापाचं नाव, गाव, आणि तिसरं, कुणीतरी नातेवाईक किंवा शेजारी. हे जुळवायला आपल्याकडे जे आहे ते फार थोड्या गावांना लाभलंय. रामकुंडावरचे किंवा त्र्यंबकेश्वरचे तुमचे तीर्थोपाध्याय शोधा. त्यांच्याकडच्या नामावळीत तुमच्या गावचा आणि आडनावाचा उतारा निघाला, तर तिथे तुमच्या खापरपणजोबांनी सांगितलेली नावं मिळतील. वहीत नाती असतात पण तारखा ढोबळ. वर्तमानपत्रात तारीख नेमकी पण नातं अपुरं. दोन्ही शेजारी ठेवली की कोडं सुटतं. शिवाय मूळ गावचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४ ची जन्ममृत्यूची नोंद, आणि जमीन असेल तर जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी. १९१८ नंतरच्या वारस फेरफारात ‘मयत’ शेऱ्यापुढे सगळी मुलं ओळीने येतात. फेरफार ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. कोतवाल बुकासाठी तहसील कार्यालयात अर्ज करायला हवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की कात्रण मिळालं तर वारसाच्या किंवा जातीच्या दाखल्याला चालेल का. एकट्या कात्रणावर भागत नाही. न्यायालय वर्तमानपत्रातल्या बातमीला ऐकीव माहितीपेक्षा जास्त किंमत देत नाही, आणि दाखल्यासाठी कोतवाल बुक, शाळेचा निर्गम उतारा, फेरफार यांच्या प्रमाणित नकला लागतात. पण त्या नकला मागायला गेलात की खिडकीवरचा कारकून पहिला प्रश्न विचारतो, ‘कुठलं गाव, कुठलं वर्ष?’ कात्रणात या दोन्ही गोष्टी असतात. सिन्नरच्या तहसिलात जाण्याआधी ऑक्टोबर १९१८ चे पाच ‘केसरी’ आणि १९१९ ते १९२१ ची नोटिसांची पानं चाळून घ्या.